माऊस निर्दोष आहे

महाड-पोलादपूर भागात एखाद्या घरी कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्या मुलाची बंदूक बटण दाबल्यावर जरा विचार करून सुटायला लागली, की घरात चौकशी समिती बसते. समितीचा निकाल बैठकीआधीच ठरलेला असतो. पहिला आरोपी नेट, कारण या डोंगरांत ‘रेंज नाय’ हे वाक्य कुठल्याही अपयशाला पुरतं. दुसरा आरोपी माऊस. तो हातात सापडतो, म्हणून आपटायला सोयीचा. वडिलांचं मत असं पडतं, की रोज रात्री एक वाजेपर्यंत राबवल्यावर मशीन दमणार नाही तर काय करणार. आजीला दृष्टीचा संशय असतो. गणपतीला गावी आलेला बोरिवलीचा चुलतभाऊ ग्राफिक कार्ड बदलायला सांगतो, कारण ते त्याने स्वतः नुकतंच बदललेलं असतं आणि खर्चाला साथीदार हवा असतो. शेवटी कॉम्प्युटरवाला येतो आणि ‘फॉरमॅट मारू’ म्हणतो. ताप असो, मुरगळा असो वा केसगळती, जगातल्या सर्व कॉम्प्युटरांना हे एकच औषध लागू पडतं अशी त्याची श्रद्धा आहे. या सगळ्या गदारोळात मुलाच्या गळ्यात अडकवलेल्या हेडफोनकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा उशिराच्या पुष्कळ प्रकरणांत धागेदोरे आवाजाच्या खात्याकडे जातात, आणि पाकिटाला हात घालण्याआधी तिथे झडती घ्यावी.

सुरुवात नेटपासून करू, कारण बदनामी त्याची सर्वांत जास्त झालेली आहे. ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळाचे सर्व्हर मुंबईत आहेत. महाडहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तार दोनशे किलोमीटर लांब धरली तरी एका बाजूचा प्रवास एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, उरकतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्याचा हिशेब इथे लावू नये. प्रकाशाला खड्डे लागत नाहीत. वाटेतली यंत्रं आणि घरातला वायफाय मिळून उशीर वाढवतात हे खरं, पण तो वाढलेला आकडा गेम स्वतःच पडद्याच्या कोपऱ्यात दाखवतो. शिवाय नेटला निर्दोष सोडायची सोपी परीक्षा आहे. नेटची वायर काढायची आणि नेटशिवाय चालणारा कुठलाही गेम लावायचा. तरीही गोळी उशिराच सुटत असेल, तर नेटचा गुन्ह्याशी संबंध नाही. ज्या घरात गेम बंद असतानाही पडद्यावरचा बाण अडखळतो, तिथे तर नेटची साक्षसुद्धा काढू नये.

आता माऊस. जिथे दुखतं तिथेच दुखणं आहे असं मानायची माणसाला सवय असते, आणि उशीर बोटाला जाणवतो म्हणून संशय माऊसवर जातो. महाडकराने तरी ही चूक करू नये. महाडच्या बाजारपेठेत पाणी चढतं तेव्हा तो बाजारपेठेतल्या रस्त्याला दोष देत नाही. पाऊस महाबळेश्वरच्या डोंगरावर किती पडला, सावित्री पोलादपूरला कशी वाहते आहे, गांधारी किती फुगली आहे आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती आहे का, एवढं तो आधी विचारतो, कारण भरती असेल तर वरून आलेल्या पाण्याला पुढे जायला वाव मिळत नाही. कॉम्प्युटरच्या आत हेच घडतं. माऊस, कीबोर्ड, नेट, ग्राफिक कार्ड आणि आवाज हे सगळे प्रोसेसरकडे सतत निरोप पाठवत असतात. निरोप आला की विंडोज हातातलं काम थांबवून त्याची नोंद घेते, आणि उरलेलं काम एका रांगेत लावते. या रांगेतल्या कामांना साध्या प्रोग्रॅमपेक्षा वरचा मान असतो, आणि गेम कितीही महाग असला तरी विंडोजच्या लेखी तो साधा प्रोग्रॅमच. रांगेतल्या एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे त्या त्या उपकरणाचं काम बघणाऱ्या सॉफ्टवेअरने, आपलं काम लांबवलं, की त्या प्रोसेसरवर मागे उभे असलेले सगळे खोळंबतात. माऊसचा निरोप वेळेवर निघालेला असतो. तो वरच्या अंगाला तुंबलेला असतो.

रांग अडवणाऱ्यांत आवाजाचं नाव वरचेवर येतं, त्यालाही कारण आहे. पडद्यावरचं एखादं चित्र चुकलं तर डोळा चालवून घेतो, कान मात्र काही चालवून घेत नाही. आवाज सेकंदाला साधारण ४८,००० तुकड्यांत वाढावा लागतो. विंडोज तो सहसा दहा-दहा मिलिसेकंदांच्या ताटांत वाढते, म्हणजे सेकंदाला शंभर पंगती. एक पंगत चुकली की कडकड, खरखर, टक् असा आवाज येतो आणि मुलगा हेडफोन काढून त्याच्या पिनेवर फुंकर मारतो. ही वेळ पाळण्यासाठी आवाजाचे ड्रायव्हर रांगेत घाईने घुसतात. नीट लिहिलेला ड्रायव्हर चटकन आटोपून बाजूला होतो. जुना, अर्धवट अपडेट झालेला किंवा दुसऱ्याशी भांडणारा ड्रायव्हर खिडकीवर कोपर टेकून उभा राहतो. त्यातून आवाजाची खाती एका कॉम्प्युटरमध्ये किती असावीत? माणसाला कान दोन. विंडोजच्या आवाजाच्या यादीत मात्र मदरबोर्डचा आवाज, ग्राफिक कार्डाचा आवाज, स्पीकरच नसलेल्या मॉनिटरचा आवाज, कधीकाळी जोडलेल्या टीव्हीचा आवाज, यूएसबी हेडसेटचा, ब्लूटूथ हेडफोनचा, वेबकॅमच्या माईकचा, आणि स्टीमसारख्या सॉफ्टवेअरने सोडलेला, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेला स्पीकर, असे सगळे सातबाऱ्यावर नावं लावून बसलेले असतात. वापरात एकच. बाकीच्यांतले बरेच निमूट असतात, पण एखादा दर थोड्या वेळाने जागा होऊन ‘माझं काही काम आहे का?’ असं विचारत राहतो. त्याला यादीत जाऊन डिसेबल केलं तर वारसाहक्काचा दावा लागत नाही.

यादीनंतर पाळी येते ‘एन्हान्समेंट’ची. बास वाढवणं, हलका आवाज मोठा करणं, दोन स्पीकरांतून सात स्पीकरांचा भास निर्माण करणं, खोलीत नसलेला सभागृहाचा घुमारा आणणं, असे हे संस्कार. त्यांतल्या प्रत्येकाला थोडा हिशेब लागतो, हिशेबाला थोडा वेळ लागतो, आणि काही संस्कार तर आवाज थोडा साठवून घेतल्याशिवाय सुरूच होत नाहीत. गंमत अशी, की आजचे बरेच गेम डावी-उजवी आणि मागची-पुढची दिशा स्वतःच हेडफोनसाठी बेतून पाठवतात. त्यावर विंडोजने पुन्हा दिशा बेतली आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरने तिसऱ्यांदा बेतली, की जिन्यावरच्या शत्रूची पावलं माळ्यावर वाजतात. याच्याच शेजारी नमुनादराची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे तुकडे किती याची, यादी असते आणि तिथे ज्याचा आकडा मोठा तो निवडायचा, हा आपला राष्ट्रीय बाणा. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. ४८,००० चा नमुनादर त्याला पुरून उरतो. तरी मुलगा १,९२,००० निवडतो, म्हणजे तेवढ्याच पावलांच्या आवाजासाठी चौपट तुकडे मोजायला लावतो. एवढी शुद्धता वटवाघळाला उपयोगी पडली असती, पण वटवाघळं गेम खेळत नाहीत.

इथवर कॉम्प्युटर खरोखर उशीर करत होता. दुसरा प्रकार याहून मजेदार आहे. त्यात बटण वेळेवर पोचतं, गोळी वेळेवर सुटते, फक्त तिचा आवाज उशिरा येतो, आणि मेंदू ठपका बोटावर ठेवतो. डोळे आणि कान यांचा मेळ घालताना मेंदू थोडी ढील देतो, कारण निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. पोलादपूरच्या डोंगरावर आधी वीज चमकते, मग गडगडतं. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्यात लांब उभं राहिलं तर ढोलावर टिपरू पडलेलं आधी दिसतं आणि ठोका मागून ऐकू येतो. टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने या ढिलाईचं मापही नोंदवलं आहे. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला, किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला, की बघणाऱ्याला खटकू लागतं. साध्या कोडेकवर, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या साध्या पद्धतीवर, चालणारा ब्लूटूथ हेडफोन दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे असतो. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण प्लेअर चित्रही तेवढंच मागे थांबवू शकतो. गेममध्ये चित्र थांबवता येत नाही, कारण ते तुमच्या बोटावर चाललेलं असतं. म्हणून पिक्चर उत्तम चालतो आणि गेम रखडतो, आणि ‘हेडफोन चांगलाच आहे, पिक्चरला काही होत नाही’ या भक्कम पुराव्यावर खरा गुन्हेगार सुटतो.

हा उशीर किती मोठा, हे समजायला महाड तालुक्याबाहेर जायची गरज नाही. रायगडावरची राजसभा २२० फूट लांब आहे. नगारखान्याच्या दाराशी हलक्या आवाजात बोललेलंही सिंहासनापाशी ऐकू येतं, अशी तिची ख्याती आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे हे अंतर कापायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, साधारण दोनशे मिलिसेकंद. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर नेमका याच मापाचा. म्हणजे कानाला चिकटून बसलेलं हे यंत्र जेवढ्या वेळात आवाज पोचवतं, तेवढ्या वेळात रायगड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या बांधकामाने तो अख्खी राजसभा ओलांडून नेला असता, आणि तोही चार्जिंग न करता. फरक असा, की दरबारातल्या फिर्यादीला दोनशे मिलिसेकंदांनी काही बिघडत नव्हतं. दाराआड उभ्या शत्रूची पावलं ऐकून वळणाऱ्याचं बिघडतं.

इथे कोणी म्हणेल, एवढ्याशा वेळाने काय होतं? याचं उत्तर धावपटूंना विचारावं. मोठ्या शर्यतींत प्रत्येक धावपटूच्या पायामागे स्टार्टिंग ब्लॉकपाशी स्पीकर ठेवलेला असतो. पूर्वी पिस्तूल एका कडेला वाजायचं आणि पलीकडच्या कडेच्या धावपटूला आवाज पंचवीस-तीस मिलिसेकंद उशिरा मिळायचा. तेवढा अन्याय पदकाच्या रंगाला पुरतो, म्हणून आवाजाची मांडणी बदलावी लागली. पाय तेच, बूट तेच, फक्त स्पीकर हलला. शिवाय आवाज ऐकून हलायला माणसाला सहसा दिसून हलण्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे गेममध्ये कान हा डोळ्याच्या पुढचा पहारेकरी आहे. त्यालाच दोनशे मिलिसेकंद मागे उभं करायचं आणि मग दहा मिलिसेकंद वाचवण्यासाठी ६० हर्ट्झचा मॉनिटर टाकून १४४ चा आणायचा, हा व्यवहार आहे. या मॉनिटरवर एक चित्र ७ मिलिसेकंद टिकतं, जुन्यावर पावणेसतरा. दहाचा फायदा हजारो रुपये मोजून, आणि दोनशेचा तोटा ब्लूटूथच्या सोयीखातर फुकट.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. हे सगळे भास आहेत, सेटिंग बदललं की चार दिवस बरं वाटतं, असं जाणते म्हणतात. आक्षेप रास्त आहे. गेम खेळणाऱ्यांत गंडेदोऱ्यांचं प्रमाण आपल्या कुठल्याही वाडीपेक्षा कमी नाही. कोणी रजिस्ट्रीतला आकडा बदलतो, कोणी कॉम्प्युटर अमुक क्रमाने सुरू करतो, आणि एकाच रात्री अकरा गोष्टी बदलून बाराव्या गोष्टीला गुण आला असं जाहीर करतो. यावर उपाय घरातच आहे. खेळणाऱ्याने पाठ फिरवायची आणि बहिणीने एकच सेटिंग कधी चालू, कधी बंद करायचं, पण कोणतं केलं ते सांगायचं नाही. वीस डावांत त्याला चालू-बंद ओळखता आलं तर फरक खरा. नाही आलं तर ते सेटिंग ताईताच्या वर्गात टाकावं. भावाला चुकीचं ठरवायला तयार असलेली बहीण प्रत्येक घरात उपलब्ध असते, त्यामुळे प्रयोगाला मनुष्यबळ कमी पडत नाही. याहून पक्का साक्षीदार हवा असेल तर मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा आहे. तो सेकंदाला २४० चित्रं घेतो, म्हणजे एक चित्र सुमारे चार मिलिसेकंदांचं. बोट बटणावर टेकतं ते चित्र आणि पडद्यावर जाळ दिसतो ते चित्र, मधली मोजायची. बदलाआधी वीस आणि बदलानंतर बारा आली, तर भासाचा मुद्दा संपला.

दुसरा आक्षेप आवाजाच्या वतीने घ्यायला हवा, कारण या लेखात आतापर्यंत त्याचीच धुलाई झाली. कडकड हेडफोनमध्ये ऐकू आली म्हणजे दोष आवाजाच्या ड्रायव्हरचाच, असं मुळीच नाही. रांग वायफायच्या किंवा ग्राफिक कार्डाच्या ड्रायव्हरनेही अडवलेली असते. आवाज सर्वांत आधी ओरडतो, कारण त्याला उशीर सर्वांत कमी सोसतो. म्हणून तो कधी चोर असतो आणि कधी चोर पाहिल्यावर बोंब मारणारा शेजारी. ‘लेटन्सीमॉन’ नावाचं सॉफ्टवेअर कोणत्या ड्रायव्हरने रांग किती वेळ अडवली ते नावानिशी सांगतं, तेव्हा उगाच कोणाच्या अंगावर जाऊ नये. काही वेळा भांडण हवेतलं असतं. २.४ गिगाहर्ट्झवर ब्लूटूथ हेडफोन, बिनतारी माऊस आणि वायफाय एकाच बोळातून जातात, आणि यूएसबी ३.० ची वायरही त्याच पट्ट्यात खरखर सोडते, हे इंटेलने २०१२ सालीच लिहून ठेवलं आहे. तिथे माऊसचा रिसीव्हर एका छोट्या वायरीने पुढे आणला की तंटा मिटतो. आणि काही उशीर खरोखर पडद्याचेच असतात. चित्रं पडद्याच्या तालावर थांबवून धरणारा व्ही-सिंक चालू असतो, किंवा टीव्हीला मॉनिटर केलेलं असतं आणि त्याचा गेम मोड कोणी लावलेला नसतो. अशा वेळी आवाजाला सन्मानाने सोडून द्यावं.

तिसरा आक्षेप श्रीमंतांचा. एवढी उठाठेव कशाला, नवा पीसी घ्या. घ्यायला हरकत नाही. फक्त नव्या पीसीत आवाजाची खाती आणखी दोन वाढलेली असतात, हेडफोन जुनाच असतो, आणि महिन्याभराने समिती पुन्हा बसते. चौथा आक्षेप वडिलांचा. हा वेळ अभ्यासात घातला असता तर? वडिलांनी एवढं लक्षात घ्यावं, की मुलगा एका वेळी एकच गोष्ट बदलून, मोजून, वहीत लिहून, दुसऱ्याकडून खात्री करून घेत असेल, तर तो विज्ञानाच्या पुस्तकातला प्रयोगच करतो आहे आणि तोही स्वखुशीने. शिवाय व्हिडीओ कॉलवर पुण्याच्या लेकीचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, तेव्हा वडीलही फोन हलवून ‘रेंज नाय’ असंच म्हणतात. त्यांच्याही कानात तोच ब्लूटूथ असतो.

तेव्हा घरात लॅगची समिती बसलीच, तर कामकाजाचा क्रम असा ठेवावा. ब्लूटूथ काढून वायरचा हेडफोन लावा. आवाजाच्या यादीतली न वापरलेली खाती बंद करा. एन्हान्समेंट आणि विंडोजचा स्पेशियल साउंड काढा, नमुनादर ४८,००० वर आणा. यूएसबी हेडसेट आणि माऊस एकाच हबवर असतील तर वेगळे करा. आवाजाचा ड्रायव्हर ताजा करून बघा, नाही जमलं तर विंडोजचा साधा ड्रायव्हर लावून बघा. प्रत्येक पायरीनंतर मोजा आणि एका वेळी एकच पायरी चढा. यातलं काहीही न आवडल्यास दोन मिनिटांत पूर्ववत करता येतं, जे फॉरमॅटबद्दल म्हणता येत नाही. वायरचा बरा हेडफोन काहीशे रुपयांत मिळतो, बाकीच्या सर्व पायऱ्या फुकट आहेत. एवढं करून उशीर टिकला तरच ग्राफिक कार्डाचा विषय काढा, आणि तोही बोरिवलीचा चुलतभाऊ परत गेल्यावर.